हातोडे थांबले त्याची हकीकत

भंडारा, वैशाखातला पहिला रविवार, १९८२

वडीलधारे गोपीचंदभाऊ, मुक्काम चिखला, यांच्या पायांशी भंडाऱ्याहून श्यामरावाचा नमस्कार पोचावा. (जावयाने बायकोच्या भावाच्या पाया पडू नये म्हणतात, पण तुम्ही वयाने मोठे आणि स्वभावाने तापट, म्हणून लांबून पडतो.) खाणीच्या धुळीने धरलेला तुमचा खोकला आता कसा आहे? वहिनींच्या गुडघ्याला गेल्या खेपेला दिलेले तेल लागू पडले का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे, आणि त्या 'सर्व'मध्ये मीही आलो. मी वारल्याची बातमी तुमच्याकडच्या कोण्या ट्रकवाल्याने चिखल्यात पोचवली आणि तुम्ही बहिणीच्या, म्हणजे रुखमिणीच्या, नावे दुखवट्याचे कार्ड टाकले, ते पोस्टमनने नेमके माझ्याच हाती दिले. माझ्याविषयी तुमचे मत इतके चांगले आहे हे मला जिवंतपणी कळले, त्याबद्दल आभारी आहे. मात्र बातमी खोटी आहे. ती उठली कशी, हे नीट सांगायचे तर यादोरावांपासून सुरुवात करावी लागते.

यादोराव म्हणजे नागपूरच्या एका कॉलेजात शिकवणारे, अंगाने बांबूसारखे, वय तिशीच्या आतबाहेरचे गृहस्थ. गाव लाखनीजवळचे, घरी धानाची शेती. कारखान्यांची उत्पादननीती आणि कामकाज कसे सुधारावे या विषयावर ते डॉक्टरकीचे संशोधन करत आहेत. (डॉक्टरकी म्हणजे सुई टोचायची नव्हे. पत्रा ठोकणाऱ्या आमच्या मंगरूने पहिल्याच दिवशी त्यांना पाठदुखी दाखवली होती.) मोठमोठ्या कारखान्यांचा अभ्यास सगळेच करतात, आपल्याला पितळेच्या भांड्यांचा कारखाना पाहायचा आहे, असे सांगून ते माघात आमच्या दारी आले. मी म्हटले पाहा, चहा घ्या, जा. ते पाहत बसले ते आजतागायत. मला वाटायचे, या माणसाला घरी काही काम नसावे. आता वाटते, असा माणूस वीस वर्षांपूर्वी आला असता तर माझे केस काळे राहिले असते.

पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला की तुमचा कारखाना कशात पहिला यावा असे तुम्हाला वाटते: स्वस्ताईत, मजबुतीत, वेळेवर माल देण्यात, की गिऱ्हाईक म्हणेल तसे भांडे घडवण्यात? मी म्हणालो, चारही गोष्टींत. ते हसले नाहीत. उलट मला सायकलच्या मागे बसवून बस-स्टँडवर नेले आणि तिथून लाखनीला, आमचा जुना व्यापारी बाबुलाल याच्या दुकानात. तुम्हाला ठाऊक आहे, हायवेवरचे त्याचे दुकान म्हणजे आमच्या निम्म्या मालाचा आधार. यादोरावांनी त्याला सरळ विचारले की तुम्हाला श्यामरावांकडून काय पाहिजे. बाबुलाल माझ्याकडे पाहून म्हणाला, "पितळ लई चांगलं आहे भाऊ, पन लगन झाल्यावर येते. स्टीलवाला मुहूर्ताच्या आधी येते. अवंदा माल वेळेवर नाही आला तं मी स्टील ठेवतो." इतक्या वर्षांच्या ओळखीत तो हे मला कधी बोलला नव्हता, कारण मीही कधी विचारले नव्हते. परतीच्या बसमध्ये मी बोटांवर हिशेब करत आलो. लग्नात आंदण द्यायच्या, पाणी भरायच्या पितळी गुंडांची त्याची मोठी मागणी आमच्याकडेच होती. ती चुकली तर हातोडे विकून मलाही स्टीलच्या वाट्या विकत बसावे लागले असते.

मग यादोराव कारखान्याच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसले. (पांढरा सदरा घालून बसत. संध्याकाळी तो कोळशाच्या गोदामातून आणल्यासारखा दिसे. रुखमिणीने त्यांना माझे जुने सदरे दिले, ते त्यांना रुंदीला दोघांपुरते आणि उंचीला जेमतेम कमरेपर्यंत झाले.) एक गुंड पत्र्यापासून पॉलिशपर्यंत कुठे कुठे थांबतो, एवढेच ते पाहत. निघाले असे की ठोकाई झपाट्याने होते, पण वरचा भाग आणि बूड झाळून एकजीव करणारा श्रावण एकटा. त्याच्यापुढे अंगणात बिनबुडाच्या गुंडांचा डोंगर. एकात शेजारच्या शकुनबाईची कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिला उठवायची कोणाची छाती नव्हती. अशा वेळी मी काय करायचो? तर ठोकणाऱ्यांना ओरडायचो, हात चालवा म्हणून. डोंगर आणखी वाढायचा.

यादोराव म्हणाले, ठोकाई बंद करा. श्रावणने अंगण रिकामे करेपर्यंत एकही हातोडा पडायला नको, आणि तोवर मंगरू आणि कवडू या ठोकणाऱ्यांनी श्रावणजवळ बसून झाळकाम शिकावे. माझे डोकेच फिरले. बापाच्या काळापासून कामाच्या दिवशी आमच्या आळीत हातोडा थांबलेला नाही. मी म्हणालो, हातोडा थांबला की लक्ष्मी थांबते. एरवी पुस्तकी बोलणारा हा माणूस त्या दिवशी घरच्या बोलीवर आला.

"काका, लक्ष्मी तुमच्या अंगनात बिनबुडाची पडली आहे," ते म्हणाले. "तिले घेऊन कोन जाईन?"

मी चपला आपटत माडीवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडे थांबले.

आता घोटाळा ऐका. आमच्या आळीचे कान त्या ठोक्यांवर जगतात. आवाज बंद झालेला पाहून शकुनबाईने चूल विझवली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने अर्धे दार ओढले. कोणी तरी कोणाला म्हणाले की श्यामरावाच्या कारखान्यात आज सुतक दिसते, आणि मी त्या दिवशी यादोरावांवर रुसून माडीवर निजलेलो असल्यामुळे कोणाला दिसत नव्हतो. दुपारपर्यंत दारात माणसे जमली. बातमी बसने करडी गावी गेली आणि दिवस मावळायच्या आत माझी जनाआत्या गळा काढत अंगणात शिरली. मी जिन्यावरून खाली आलो, तशी ती रडे अर्धवट सोडून माझ्याकडे पाहत राहिली.

"काहून बा श्याम, तू तं जित्ताच आहेस," आत्या म्हणाली, आणि तिच्या स्वरात आनंदाच्या आधी थोडी नाराजी होती हे मला स्पष्ट ऐकू आले. (मोहफुले वेचायचे सोडून आली होती बिचारी.) तिची समजूत काढायला रुखमिणीला पुरणाचा स्वयंपाक करावा लागला. दुखवट्याला आलेली मंडळीही जेवूनच गेली.

एवढे होऊनही यादोराव हलले नाहीत. अंगण ओसरू लागले, पण त्यांना हवे तितके भराभर नाही. एके दिवशी चहा पिताना त्यांनी अगदी हळू विचारले की श्रावणला भट्टीपासून उठवतो कोण. मी मंगरूचे नाव घेतले, कवडूचे घेतले, कोंबडीचे घेतले. ते म्हणाले, "तुमी, काका." आणि खरेच होते ते. कोणी ओळखीचा गळका लोटा घेऊन आला, कोणा पाहुण्याला कळशीचा कान बसवून हवा असला, की मी हाक मारी, श्रावण, आधी हे कर. भट्टी थंडावे, पुन्हा तापवावी लागे. मला फार लागले ते बोलणे. आपण चार लोकांच्या उपयोगी पडतो याचा मला अभिमान होता, आणि तेच कारखान्याच्या नरड्याला बसले होते. दोन जेवणे मी त्यांच्याशी न बोलता जेवलो. मग खाली येऊन सगळ्यांसमोर जाहीर केले की आजपासून माल रांगेने होईल, प्रत्यक्ष ब्रह्मदेव कमंडलू घेऊन आला तरी त्याने रांगेत उभे राहावे.

आणि भाऊ, परीक्षा झाली ती शेवटच्या आठवड्यात. वितळलेले झाळ उडून श्रावणचा उजवा हात भाजला. पूर्वीचे दिवस असते तर मागणी तिथेच बुडाली असती. यादोरावांनी त्याला सायकलवरून दवाखान्यात नेले, परत आले, माझा तो रुंद सदरा कमरेला बांधला आणि स्वतः भाता मारायला बसले. मंगरू आणि कवडू शिकलेले होतेच. हात गळ्यात बांधून श्रावण खाटेवरून सांगत होता, हे दोघे झाळत होते, आणि नागपूरचा प्रोफेसर काजळी तोंडाने भाता ओढत होता. कोणी कोणावर ओरडले नाही. मला ओरडायला काही शिल्लकच नव्हते, म्हणून मी पाणी पाजत फिरलो. बाबुलालचा ट्रक आला तेव्हा माल दारात रचून तयार होता. तो गुंडांवरून हात फिरवत एवढेच म्हणाला की दिवाळीचेही तुम्हीच करा. मी आत जाऊन डोळे पुसले. भट्टीच्या धुराने पाणी आले असावे.

तात्पर्य, शिकलेला माणूस असावा तर असा. त्यांचा रांगेचा नियम आम्हाला आता वेदवाक्य आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, खोकल्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (आणि धडधाकट)
श्यामराव

ता. क. तुमच्या मुलीच्या, चि. तुळसाच्या, आंदणाचे आंघोळीच्या पाण्याचे गंगाळ तुम्ही होळीला सांगितले होते, तेव्हा मी मान डोलावली, पण रांगेत लावायचे राहिले. आता नियमाने ते लग्नानंतर आठवड्याने निघते. हे कसे लिहावे सुचत नव्हते, म्हणून आधी वरची हकीकत लिहिली.

पुन्हा ता. क. ही गोष्ट कळल्यापासून रुखमिणीने माझ्याशी बोलणे टाकले आहे. ताट आदळून वाढते. तरी "गंगाळाची मला मुळीच घाई नाही" असे एक कार्ड तिच्या नावे कृपा करून लगोलग टाकावे.

आणखी ता. क. कार्ड टाकू नका. यादोराव काल नागपूरला गेले आहेत. गंगाळाच्या कड्या आज सकाळीच झाळून झाल्या, या पत्रासोबत तेही ट्रकने येत आहे. मात्र पुढच्या सोमवारी यादोराव खाणीची वाहतूक पाहायला चिखल्याला येणार असून मी त्यांना तुमचाच पत्ता दिला आहे. आदराने ठेवून घ्या, चांगले जेवू घाला, आणि ते असेपर्यंत आंघोळीचे पाणी बादलीतच काढा.