राणीसरकारांची बाटली

रविवार, १ फेब्रुवारी

एकावन्न मिनिटं! शर्यत जिंकायला दीड मिनिट आणि बाटलीभर लघवी द्यायला एकावन्न! राणीसरकारांनी आज माझी परीक्षाच पाहिली. घोडी भारी लाजरी. रबरी हातमोज्यांचा वास आला की कान मागे. शेवटी मोजे काढले, मानेवरून हात फिरवला, हळूच शिट्टी वाजवली — आणि धो धो! भांडं पुढे धरायला मी तयारच होते. मग नेहमीप्रमाणे दोन बाटल्या, सील, सही. एक औषधांच्या तपासणीला प्रयोगशाळेत, दुसरी वाद झालाच तर म्हणून कुलपात.

तिचे ट्रेनर — आम्ही सगळे त्यांना टोपीवाले म्हणतो — बाहेर टोपी चुरगाळत उभे. "बाई, तुमच्या शिट्टीला वेगळा पगार द्यायला हवा!"

हे घरी म्हणाले, "घोड्यांना शिट्टी, आणि आम्हाला नुसतं अहो!"

सोमवार, २ फेब्रुवारी

बोटं पुन्हा सुजलीत. ह्यांनी मलम चोळून दिलं. रोज सकाळचा नेमच झालाय तो. मलमाने बरं वाटतं की ह्यांच्या चोळण्याने, कोण जाणे.

रविवार, ८ फेब्रुवारी

शेजारणीने जिन्यात गाठलं, "आतली खबर सांगा ना, कुठला घोडा?" म्हटलं, मला पैज लावता येत नाही, घरच्यांनाही नाही. दरवर्षी तसं लिहून द्यावं लागतं. "मग एवढा खर्च चालतो कसा?" तिला समजावलं — प्रत्येक पैजेतला चिमूटभर हिस्सा आधीच नियामक मंडळाकडे जातो. त्यातून प्रयोगशाळा, डॉक्टर, निवृत्त घोड्यांचं कुरण, आणि मी.

"म्हणजे लोक हरले की तुम्ही जेवता!"

"जिंकले तरी जेवते," म्हटलं.

हसत हसत वर आले. बावीस वर्षं हेच काम, पण अजून कंटाळा नाही. लोक पैज लावतात ती घोडा स्वतःच्या पायांनी धावला या भरवशावर, आणि तो भरवसा माझ्या बाटलीत असतो. मला त्याचा अभिमान आहे. इथे लिहायला काय हरकत आहे?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रयोगशाळेचं पत्र आलं. राणीसरकारांच्या बाटलीत वेदनाशामक औषध सापडलं! शर्यतीच्या दिवशी थेंबभरही चालत नाही. सुनावणी गुरुवारी. टोपीवाल्यांचा परवाना जाणार, असं आमचे डॉक्टर म्हणाले. मला इतका राग आला! एवढे साधे दिसतात आणि दुखऱ्या पायाच्या घोडीला औषध देऊन पळवतात?

फाटकाशी भेटलेच. "बाई, मी काही दिलं नाही हो तिला." मी मान वळवून पुढे गेले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सकाळी हे मलम घेऊन बसले. ट्यूब पालथी पडली होती. मागे बारीक अक्षरांत औषधाचं नाव. कालच्या पत्रातलंच. चष्मा पुसून परत वाचलं. तेच.

त्या दिवशी मोजे मीच काढले. ह्याच बोटांनी भांड्याचा काठ धरला!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "कुणाला कळायचं नाही." मी नुसती बघत राहिले. ह्यांचे कान लाल झाले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर," म्हणाले.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. तिन्ही पंच माझ्याकडे बघतच राहिले. "मोज्यांचा नियम नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टर म्हणाले, घोडीच्या अंगातून गेलेलं औषध बदलतं. बाहेरून पडलेलं कच्चंच राहतं. दुसरी बाटली त्यासाठी तपासणार. तोवर मी सक्तीच्या रजेवर. टोपीवाले टोपी घालून सरळ निघून गेले.

बाहेर बाकावर ह्यांनी डबा उघडला. लाज वाटते लिहायला, पण सपाटून भूक लागली होती.

बुधवार, ४ मार्च

औषध कच्चंच! टोपीवाले सुटले, घोडीचं जिंकणं कायम! जीव भांड्यात पडला. मला ताकीद, आणि सहा महिने टेबलावर नोंदवहीचं काम. चालेल.

संध्याकाळी टोपीवाले चक्क घरी आले. आधी अवघडून बसले. मग म्हणाले, "रागावलो होतो तुमच्यावर. आता नाही." दोन कप चहा घेतला. राणीसरकार नव्या माणसाला दाद देत नाहीत म्हणे, तास उलटला तरी! आम्ही तिघंही खूप हसलो. फार बरं वाटलं आज.

शुक्रवार, ६ मार्च

डॉक्टरांचा फोन. माझ्या हातच्या जुन्या बाटल्याही मंडळाने उघडल्या. दोन वर्षांपूर्वीच्या एका बाटलीत तेच औषध, कच्चंच. तो ट्रेनर शेवटपर्यंत "मी नाही दिलं" म्हणत होता. परवाना गेला, तबेला गेला. निकालात लिहिलंय — बाईंच्या हातून चूक होणं शक्य नाही.

त्याचा पत्ता मागून घेतला. हे म्हणाले, येतो. नको म्हटलं. एकटीच जाते.