सहा मुलींचे हात

मद्रास,
९ ऑगस्ट १९६७

प्रिय त्रिपुरा,

अंबत्तूरच्या तुमच्या रेडिओ कारखान्यातून आमच्या शाळेला पत्र आले. सहा मुलींची पुढची तुकडी सोमवारी पाठवा, असे त्यात आहे. खाली मुख्य पर्यवेक्षिका म्हणून तुझी सही.

ही कल्पना आपल्या दोघींची. पोंगलला तू आमच्या दारच्या तिण्णैवर, ओट्यावर बसून म्हणालीस, सरोजा, तुझ्या मुली मोडक्या रेडिओंवर शिकतात गे, आमच्याकडे नवी यंत्रे आहेत, तीन महिने पाठव. हात बसला की कारखानाच त्यांना ठेवून घेईल. मी मुख्याध्यापिकांशी भांडले. मुलींच्या घरी गेले. चंद्रिकाची आई तयार नव्हती. मी सांगितले, तिथे आमची त्रिपुरा आहे, आपल्याच तंजावरची. तेवढ्यावर त्या बाईने होकार दिला.

मे महिन्यापासून मुली पहाटेच्या गाडीने जाऊ लागल्या. तारेच्या कॉइल गुंडाळायच्या, टोके सोल्डर करायची. शिक्षण म्हणून पगार नाही. उलट विचारू नका, सांगतील ते करा, असे मीच बजावले होते. जूनमध्ये देवळात भेटलीस तेव्हा म्हणालीस, पोरी हुशार आहेत हो तुझ्या. मी घरी येऊन पायसम केले.

जुलैअखेर सहा बंद पाकिटे आली. सहाही अहवालांत एकच वाक्य : हात थरथरतो, कामास अयोग्य. एकीलाही ठेवून घेतले नाही. चंद्रिका हसली. म्हणाली, "टीचर, माझा हात थरथरतो, मग मी केलेले ते रेडिओ गातात कसे?"

मी सहाजणींना बाकावर बसवले. प्रत्येकीने चारशे वेढ्यांची कॉइल केली. मी भिंग घेऊन तपासली. कुठे एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नव्हता. मग अहवाल खिडकीपाशी नेले. पहिला ठळक, शेवटचा फिका. मध्ये कार्बन घालून सहाही एकदम टंकलेले, नावाची जागा मोकळी सोडून. नावे नंतर शाईने भरलेली, तुझ्या गोल अक्षरात.

त्यांचे काम तू पाहिले नसशील, अशी मी दोन दिवस स्वतःची समजूत घातली. पण तू पाहिले होतेस. म्हणून तर पुढची बिनपगारी तुकडी मागतेस. मालकांनी करायला लावले असेल. मला एक चिठ्ठी पाठवता आली असती. चंद्रिकाची आई आता रस्त्यात भेटली तर पलीकडे वळते. तिने विश्वास माझ्यावर ठेवला होता, कारखान्यावर नव्हे.

सोमवारसाठी नावे द्यायला मी नकार दिला. त्यासाठी परवा, शुक्रवारी अकरा वाजता, शिक्षण खात्याच्या कचेरीत मला बोलावले आहे. कारण विचारतील. मी सहाही अहवाल पुढे ठेवीन आणि विचारले की तुझे नाव सांगेन. तुझी नोकरी जाईल. कदाचित माझीही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते. तोवर घरी येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडीन, कॉफी करीन, आणि मग शुक्रवारी माझ्याच्याने बोलवणार नाही.

परवापर्यंत तरी तुझीच,
सरोजा