नासपतीच्या ठोकळ्यातली बाई

बाझेल, ३ मार्च १५४६
पोचलो एकदाचा! मालक फाइट यांच्या छापखान्यात वैद्यकाच्या पुस्तकासाठी बारा चित्रं कोरायची आहेत. नासपतीच्या ठोकळ्यांवर ती काढून तयार आहेत. काढणारा चित्रकार नाताळाआधीच प्लेगनं गेला. मालकांनी माझी सुरी पाहून विचारलं, "लीनहार्ट, कोरतोस की कुरतडतोस?" सगळे हसले, मीही हसलो. पिठाचं सूप झकास होतं. महिनाअखेरीस बायको, आपोलोनिया, नावेनं येईल. तिला आठवा लागलेला असेल. बाळ इथंच होणार, म्हणून उन्हाची खोली घेतली आहे.

९ मार्च
पहिला सांगाडा झाला. फावड्यावर रेललेला, पायाशी वाळूचं घड्याळ. छाप उचलला तर डाव्या हाताची करंगळी वाकडी, थेट माझ्यासारखी! ठोकळ्यावर ती उजव्या हाताला होती, म्हणून ध्यानात आलं नाही. उलटं कोरणं हाडीमाशी खिळलं आहे, तरी फसलो. पण त्या चित्रकारानं मला कधी पाहिलंच नव्हतं.

१२ मार्च
मालक त्या करंगळीवरून छळतात. शेवटी ती खणून काढली, तिथं लाकडाचा नवा तुकडा ठोकला आणि सरळ करंगळी कोरली. अशी ठिगळं आम्ही रोज लावतो.

१३ मार्च
माझी करंगळी सरळ झाली आहे. दुखत नाही. सुरी टोचली, तरी कळलं नाही.

२० मार्च
आज गर्भवतीचं चित्र हाती आलं. पोट उघडं, आत बाळ. घड्याळातली वाळू संपत आलेली. आरसा धरून पाहिलं. डाव्या कानाची पाळी फाटलेली. आपोलोनियाची तशीच आहे, बकरीनं डूल ओढला होता तेव्हाची. हे चित्र नको म्हणून मालकांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "तू नाही तर दुसरा कोरेल." दुसरा तर आहे तसंच कोरेल.

२३ मार्च
पोटावर ठिगळ ठोकलं. गुळगुळीत, बंद पोट कोरलं. माझी करंगळी नुसती बधिर झाली, तुटली तर नाही ना. ती जगेल. देवा, एवढं होऊ दे.

३१ मार्च
आली. हसते आहे. म्हणते, बाळ आठवडाभर फार शहाण्यासारखं गप्प आहे. तिच्या पोटाला हात लावला. गार. माझ्या करंगळीसारखं.

२ मे
पहाटेपासून कळा. सुईण बाहेर येऊन म्हणाली, असं कधी पाहिलं नाही, वाटच नाही. बाळ हलतंय पण! आज पहिल्यांदाच—

दुपार
सुईण म्हणते, पोट फाडलं तरच. तिची सुरी आत शिरत नाही. माझी शिरेल. छापखान्यातून तिचा ठोकळा आणून पुढ्यात घेतला आहे. ठिगळ काढलं की—

आपोलोनिया हाका मारते आहे. मला.

बाळाचं डोकं तिच्या उजव्या कुशीत, सुईणीनं दाखवलं. उजवीकडे सुरी नको. डावीकडून. सुरी टेकवली. शिरली. ती किंचाळली—

डावीकडून. पण ठोकळ्यावरची डावी म्हणजे तिची—