साबणाला चालेल असं भांडं

३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार

वाट लागली. टोपाला भोक!

खोबरेल कोमट केलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी बारीक धारेनं ओतलं, सगळं महिला मंडळात शुभाताईंनी शिकवलं तसंच. टोप तेवढा ॲल्युमिनियमचा. मिश्रण काळं पडलं, फसफसून वर आलं, खोलीभर घाणेरडी वाफ. रत्नप्रभा वहिनी पदर नाकाला लावून दारात उभ्या. थोरल्या जाऊबाई, त्यांना दार सोडवत नाही. म्हणाल्या, मॅट्रिकला हेच शिकवतात का?

टोप माझा होता म्हणून बरं. त्यांचा असता तर रात्री उपाशी.

४ फेब्रुवारी, शनिवार

बोरिवलीला मंडळात जाऊन आले. शुभाताई म्हणतात, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल. पहिल्या दिवशी मी मागच्या रांगेत जप करत होते. एकशे आठ पुरे व्हायचे होते.

भांडं स्टीलचं हवं. आणि उंच, कारण शिजताना साबण दुधासारखा वर येतो. घाणा लहान, पण भांडं त्याच्या दुप्पट! पंचवीस तारखेच्या आत पांढऱ्या स्वच्छ वड्या नेऊन दाखवायच्या, नाहीतर मंडळाचं साबणाचं काम दुसऱ्या बाईला.

दत्तमहाराज, हे काम मला हवं. मिल बंद पडून दोन वर्षं झाली. हे घरी. आम्ही थोरल्या भावोजींच्या ताटातलं खातो. हे काम मिळालं तर त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझा स्टो लावीन, माझं मीठ, माझी डाळ. वहिनींकडे पुन्हा काही मागणार नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

माहेरचं पितळी पातेलं काढलं. सगळी कल्हई उडाली. साबण राखाडी, भांडी घासायच्याही लायकीचा नाही. आईनं दिलेलं पातेलं ते.

८ फेब्रुवारी, बुधवार

वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा. सांध्याचा डाख सुटला, सगळं स्टोवर सांडलं. वहिनी हसल्या. लग्नापासून पहिल्यांदा मनापासून हसल्या.

११ फेब्रुवारी, शनिवार

नवं स्टील परवडायचं नाही. वहिनींच्या फळीवर एक उंच टोप आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, त्यांच्या भावानं दिलेला. अजून पाणीसुद्धा लागलेलं नाही. तोंड वाकडं करून का होईना, मागितला.

म्हणाल्या, रतनच्या लग्नात काढायचाय.

त्यांचा रतन दुसरीत आहे.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. कालचा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

हे मरोळहून कुठल्याशा रंगाच्या कारखान्यातली स्टीलची बरणी घेऊन आले. चिंचेनं घासली, राखेनं घासली, रंगाचा वास जात नाही. हे म्हणाले, साबणालाच तर वास हवा ना! मी बोलले असते तर चाळ गोळा झाली असती.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या द्रौपदीकडे गेले. तिचे अंबादास ट्रॉम्बेला कँटीनमध्ये आहेत. तिथली जुनी भांडी विकायला काढली तेव्हा त्यांनी एक टोप आणला. जाड स्टील, ढोपरापर्यंत उंच, जसा हवा तसाच. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या मांडणीवर असतो. येता-जाता दिसतो.

दारातूनच मागितला. तिनं हात पुसले, मला नीट पाहून घेतलं.

"माझं भांडं साबणाला चालतं होय गं तुला?"

मी म्हटलं, असं काय बोलतेस.

"नऊ वर्षं झाली, माझ्या घरातला चहा घेतला नाहीस. पोरीच्या बारशाला बोलावलं, तुझा उपास. बुद्धजयंतीची खीर दिली, तुझा उपास. आठवड्यातून सात दिवस उपास, आणि तब्येत बघ तुझी!"

मग म्हणाली, टोप देते. पण तो ह्या घराबाहेर जायचा नाही. इथेच येऊन शिजव, आणि आधी माझ्याबरोबर बसून जेव.

मी तशीच वर आले. कोण समजते स्वतःला? एका टोपासाठी मी माझं वळण सोडू? सगळे उपास काही खोटे नव्हते. गुरुवारचा तर खराच असतो, दत्तगुरू जाणतात.

बाकीचे खोटे. इथे लिहायला काय जातं.

२० फेब्रुवारी, सोमवार

वहिनींना कुणीतरी सांगितलंच. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, त्यांच्याकडचं काही ह्या ओट्यावर आलेलं चालणार नाही.

आमटी वाढताना माझ्या वाटीत वरचं पाणी.

राग वहिनींचा यायला हवा. आला द्रौपदीचा. मग स्वतःचा. कारण वहिनी म्हणाल्या तेच मी नऊ वर्षं गोड बोलून करत आले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

मातीचं मडकं तडकलं. अर्धा किलो खोबरेल गेलं. पंचवीसला चार दिवस.

२२ फेब्रुवारी, बुधवार

खाली गेले. द्रौपदी तांदूळ निवडत होती, वर बघेना. उभी राहिले. बस म्हणाली नाही. शेवटी मीच म्हटलं, येते जेवायला.

"पुन्हा उपास निघायचा तुझा."

"नाही निघायचा."

"मग उद्या दुपारी ये. तेल आणि ते पाणी घेऊनच ये. निघाला तर सरळ वर जा, टोपाला हात लावायचा नाही."

२३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवले. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताक. वड्या पांढऱ्या झाल्या.

आज उपास खराच होता. ते तिला सांगितलं नाही.