तांब्या, गडू आणि फुलपात्र

बाबा, आज दुपारी दुकानात पुन्हा पाणी सांडलं. खालापूरचे लाकडाचे ठेकेदार आपले रखवालदार घेऊन आले होते. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याच्या हातात मी तुमचा गडू काठोकाठ भरून दिला. त्याने हात सरळ पुढे केला, मी नातवंडांची चौकशी केली, आणि तो बोलायला लागल्याबरोबर पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी माझी मान आपोआप तुमच्या स्टुलाकडे वळते. स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर मी कुणाला बसू देत नाही, कारण त्याचा एक पाय हलतो. लोकांना वाटतं, तुमची आठवण म्हणून. वाटू दे. पुण्याला पलटणीच्या बंदुका दुरुस्त करता करता तुम्ही डावा कान घालवला होता, म्हणून महत्त्वाचं काही सांगायचं झालं की मी तुमच्या उजव्या बाजूला येऊन बसायची. कागदाला डावं-उजवं नसतं, तेव्हा आज सगळं सांगते.

आपलं दुकान म्हणजे कर्जतच्या बाजारातली एक खोली, भिंतीला कुलपाची कपाटं आणि फळीवर ओळीने मांडलेली तीन पितळी भांडी. नवीन माणूस चक्रावायचाच, की इथे रिव्हॉल्व्हर मिळतात का पाणी? तुमची रीत सोपी होती. चारशे पंचावन्न बोअरचं, म्हणजे सगळ्यात रुंद नळीचं रिव्हॉल्व्हर ज्याला हवं, त्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा. अडतीस बोअरचं हवं असेल त्याने गडू. आणि बत्तीसचं, जे कोटाच्या खिशात मावतं, त्याला फुलपात्र. धरून उभं राहायचं आणि तुमच्याशी गप्पा मारायच्या, घरी कोण असतं, यंदा भात कसं आलं. गप्प राहिलं की कुणीही हात आवळून धरतो, बोलायला लागला की खरा हात कळतो, असं तुमचं म्हणणं. पाणी सांडलं तर त्या मापाचं हत्यार तुम्ही विकायचा नाहीत, मग समोर रेल्वेचा गोरा इंजिनियर का असेना. भांडी तुम्ही आईच्या मांडणीवरून उचलून आणली होती, आणि सतरा जणांचे हात लागल्यावर तिने ती परत घरात घेतली नाहीत. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती तुम्हाला ऐकवायची, "माज्या बापानं दिल्याला तांब्या हाय त्यो. त्यात आता सायेब हात धुत्यात." तुम्ही म्हणायचात, "धुवत नाय गं, नुसता धरतात." त्यावर ती, "मग मी तर जल्मभर धरत्येय. मला द्या की येक बंदूक!" आणि तुमचा घास हातातच राहायचा, एवढं हसू यायचं तुम्हाला.

सगळ्यांना हवा असायचा तो तांब्याच. जर्मनीच्या लढाईच्या आधी स्टेशनातले आणि घाटातले साहेब रविवारी दहिवलीच्या पुढे नदीकाठी निशाणबाजीला जमायचे. त्यांच्या कमरेला चारशे पंचावन्न, म्हणून व्यापाऱ्यांना चारशे पंचावन्न, म्हणून इनामदारांनाही तेच. बत्तीसला ही मंडळी खेळणं म्हणायची. मग लढाई पेटली, मोठी काडतुसं सगळी आघाडीवर गेली, दुकानात एक पेटी येईना. तेव्हा तीच माणसं येऊन फुलपात्र मागू लागली आणि बत्तीस किती सुटसुटीत असते हे उलट तुम्हालाच समजावून सांगू लागली. लढाई संपली, मेसोपोटेमिया पाहून आलेले तरुण साहेब कमरेला मोठं धूड लटकावून हिंडायला लागले, की पुन्हा तांब्या. पुढे सरकारने ते लष्करी माप खासगी माणसाला बंद केलं. ते पाहायला तुम्ही नव्हतात. हल्ली अडतीसचे दिवस आहेत. फौजेतसुद्धा आता अडतीसच आली, ही बातमी प्रत्येक गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच कळत असल्यासारखी देतं. लोकांची आवड आवड म्हणतात ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या कमरेला दिसलेली असते, एवढं मला या धंद्यात कळलं. तुम्ही मात्र "सगळे हेच घेतात" असं एकदाही कुणाला म्हणाला नाहीत. "चुकली का चारशे पंचावन्न नि बत्तीस, दोनी मातीतच जातात," एवढंच म्हणायचात.

तो इनामदारांचा दिवस मला अजून दिसतो. मी नुकतीच विधवा होऊन माहेरी परत आले आहे. चारचौघांत बसायचं नाही, म्हणून तुम्ही मला दुकानाच्या मागच्या भागात पडद्याआड बसवून नळ्यांना तेल लावायचं काम दिलं आहे. इनामदार जरीचं उपरणं घेऊन, मागे गडीमाणसं घेऊन आलेले. "सगळ्यात मोठं काढा," ते म्हणतात. तुम्ही तांब्या भरून पुढे करता. ते धरतात, तुम्ही त्यांच्या आंबराईची चौकशी करता, आणि त्यांनी पायरीच्या कलमांचं कौतुक सुरू केलं न केलं तोच पाणी थेट उपरण्यावर. पडद्याआड मला हसू आवरत नाही. कितीतरी दिवसांनी हसले होते मी, आणि मोठ्याने हसले. इनामदार लाल होऊन निघून गेले. मला वाटलं, इतक्या दिवसांनी पोर हसली म्हणून तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही पडदा सारून आत आलात आणि म्हणालात, "हसलीस कशाला गं? सांडलं म्हणून हसायचं नाय. किती सांडलं ते बघायचं, नि तेवढ्या मापाचं हत्यार द्यायचं. आपलं काम तेवढंच." मला फार लागलं ते. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढे काही महिन्यांनी भर दुपारी, बाजारात चिटपाखरू नसताना, इनामदार एकटेच आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ते धाकटं भांडं कुठं आहे हो?" फुलपात्रातलं पाणी त्यांच्याकडून हललंसुद्धा नाही. बत्तीस घेऊन गेले, आणि गावात सांगितलं की बायकोसाठी घेतली. त्या वेळी हसू आलं ते मी गिळलं. तुम्ही मात्र ते गेल्यावर मनसोक्त हसलात, तेव्हा नियम काय तो माझ्यापुरताच होता, हे इथे नमूद करते.

त्यानंतरच तुम्ही मला पडद्याबाहेर काढलंत. आई नको म्हणत होती, बाजार काय म्हणेल म्हणून. तुम्ही म्हणालात, "बाजार काय म्हनल ते मला डाव्या कानानं ऐकू येईल." नदीकाठच्या दरडीला निशाणाचा कागद टोचून तुम्ही मला शिकवलंत. त्याआधी महिनाभर माझ्या हातात नुसतं फुलपात्र. मला त्याचा राग यायचा. मला तांब्या हवा होता, इनामदारांसारखाच. तुम्ही दुकानातल्या चाचणीच्या बत्तीसची मूठ काढून टाकलीत आणि माझा पंजा कागदावर ठेवून आखून घेतलात. मग संध्याकाळी ओट्यावर बसून शिसवीची नवी मूठ तासलीत, अंगठ्याला खळगा, करंगळीला टेकण. माझ्या मापाचं म्हणून मुद्दाम केलेलं मला जन्मात तेवढं एकच मिळालं. तरी पुढे मी ती बत्तीस पेटीत ठेवून दिली आणि अडतीस हातात घेतली. बाईच्या हातात मोठं हत्यार दिसलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हे खरंच होतं. पण मला ते आवडायचंही, बाबा. लोकांसारखीच मीही.

तुम्ही गेल्यावर परवाना चुलतभावाच्या नावावर झाला. तो असतो कल्याणला, दुकान चालवते मी, आणि वर्षातून एकदा परवान्याचं नूतनीकरण करायचं म्हणून तो सही करायला येतो. मागच्या खेपेला म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. तुला हिवतापाने धरलंय, गिऱ्हाईक मुंबईला जातं. यंदा एखादं मोठं काम आलं तर सही करतो, नाहीतर कुलूप लाव आणि माझ्याकडे ये." वाईट मनाने नाही म्हणाला. त्याच्याकडे जायचं म्हणजे त्याच्या मुलांची आत्या होऊन कोपऱ्यात बसायचं. मी पडद्याआड एकदा बसले आहे, पुन्हा बसायची नाही. म्हणून आज ठेकेदार दारात उभे राहिले तेव्हा मी मनात म्हटलं, आलं मोठं काम. रानातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी पोचवतात त्या सगळ्या रखवालदारांसाठी त्यांना रिव्हॉल्व्हर घ्यायची होती, कचेरीतून मंजुरीही आणली होती. "सगळ्यांना अडतीस," ते म्हणाले. "आता सगळे तेच वापरतात." मी फळीवरून गडू काढला.

"बाई, मी काय पाणके नेमायला आलोय?" ते म्हणाले. मी रीत सांगितली. तरुण रखवालदारांनी हसत हसत गडू धरला, सांडला नाही. मग तो म्हातारा. त्याचं पाणी ओघळलं आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून नुसतं बघितलं, तसं हसू थांबलं. म्हाताऱ्याने गडू खाली ठेवला आणि ओला हात धोतराला पुसला. "बाय, मला नको ती नळी," तो म्हणाला. "माजी काठी बरी. रान मला वळकतं, मी रानाला वळकतो." ठेकेदार म्हणाले, "काठीवाला मला नको. हत्यार पेलत नसेल तर घरी बस." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तुमच्या रिवाजाने मी त्याची रोजी घालवली होती, बाबा. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मला खरंच सुचेना. मग मी फुलपात्र भरून त्याच्या हातात दिलं आणि धाकट्या नातवाचं विचारलं. तो बोलत राहिला, पाणी तसंच राहिलं.

"ह्यांना बत्तीस द्या," मी म्हटलं. ठेकेदार म्हणाले, "एकाला बत्तीस, बाकीच्यांना अडतीस, मग रानात काडतुसांचा गोंधळ कोण निस्तरणार? सगळ्यांना एकच माप हवं." त्यांचं चूक नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, "मग सगळ्यांना बत्तीस घ्या. ज्याला गडू पेलतो त्याला फुलपात्र पेलतंच." ते हसले. "बत्तीस बघून दरोडेखोर पळतील का हसून मरतील?" मी म्हटलं, "लागली तर हसणार नाहीत." तुमचाच आवाज आला तोंडातून. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः दाखवा लावून. उद्या सकाळी, नदीवर, माझ्या सगळ्या माणसांसमोर. लागली तर सगळी बत्तीस तुमच्याकडून. नाही लागली तर मी अडतीस घ्यायला मुंबई गाठतो, आणि हा म्हातारा घरी." मी "बरं" म्हटलं. एवढ्या चटकन म्हटलं की म्हातारासुद्धा दचकला.

ते गेल्यावर मी पेटी उघडली. शिसवीची मूठ तशीच आहे, अंगठा अजून खळग्यात बरोबर बसतो. नळी साफ केली, तेल दिलं, घोडा ओढून पाहिला. उद्या जाणार आहे, यात शंका नाही. दुकान बंद होणार नाही आणि मी कल्याणला जाणार नाही, हे मी चुलतभावाला आधीच कळवायला हवं होतं; उद्या नदीवरून आल्यावर कळवीन, निकाल काही लागो. ठेकेदार मुंबईला गेले तर परवाना माझ्या नावावर मागायला मी स्वतः कचेरीत जाऊन उभी राहीन. कचेरीवाले नाही म्हणाले तर पुन्हा जाईन. म्हाताऱ्याचं काही ना काही करीन, दुकानाला रखवालदार लागतोच. हे सगळं ठरलेलं आहे.

हा कागद निशाणाचा आहे, मागची बाजू कोरी होती म्हणून लिहायला घेतला. कुठे धाडायचा तर प्रश्नच नाही. अजून उजेड आहे, समोरच्या वाण्याने अजून दिवा लावलेला नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. ते सगळे गेल्यावर मी दार लोटून फुलपात्र भरलं, हात लांब केला आणि मोठ्याने बोलत राहिले, आईचं, तुमचं, इनामदारांच्या उपरण्याचं. हिवतापापासून हा हात माझ्या सांगण्यात राहिलेला नाही, हे मी कुणाला बोलले नव्हते. पाणी सांडलं नाही. मला एवढा आनंद झाला की मी लगेच तुम्हाला लिहायला बसले.

पण बाबा, फुलपात्र मी अर्धंच भरलं होतं. आता उठते आणि काठोकाठ भरते. सांडलं तर हसणार नाही, रडणारही नाही. किती सांडलं तेवढं बघेन.