भाजीबाजारातला दीपस्तंभ

आई, तुला साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

पाहुण्यांना शहर दाखवायचं माझं काम. नदीच्या गाळानं बंदर बुजलं, समुद्र मागे हटला, म्हणून दीपस्तंभ आता भाजीबाजारात उभा आहे. हे ऐकताना लोक जांभया द्यायचे. शेवटी मी तुझीच गोष्ट इथल्या एका खलाशाच्या बायकोच्या नावावर खपवली: परत न आलेल्या नवऱ्यासाठी रोज ताट झाकून ठेवणारी. आता लोक डोळे पुसतात, "मग आला का तो?" विचारतात. मी बेधडक "आला" म्हणते. आणि घाईनं पुढे चालू लागते.

रागावू नकोस. आणि खरं सांग, बाबांच्या ताटाशेजारी आता माझंही झाकतेस का गं?

तुझीच,
धाकटी