गार झालेलं सूप

प्रिय ठमे,

आधी कबुली देतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. गेल्या गुरुवारी विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरच्या त्या बिस्ट्रोत तू सतरा वर्षांनी तुझ्या आईला भेटलीस, तेव्हा मी तुझ्या मागच्याच टेबलावर होतो. हो, मीच. डोक्यावर टोपी, तोंडासमोर मेनूकार्ड. साठी उलटलेला माणूस चोरासारखा बसलेला पाहून जेवण वाढणारी मुलगी गालातल्या गालात हसत होती.

तूच फोनवर सांगितलंस, की आईचं पत्र विभागात आलंय, गुरुवारी एक वाजता जेवायला भेटतोय, बाबा, तू काळजी करू नकोस. काळजी? तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तू नऊ वर्षांची असताना ती गेली, तेव्हापासून आपल्या घरात एकच बाजू बोलली गेली, ती माझी. आता दुसरी बाजू तुझ्यासमोर जेवायला बसणार, आणि ती ऐकल्यावर तू मला बाबा म्हणशील की नाही, हा एकच किडा डोक्यात. शेवटी न राहवून सकाळची बस धरली.

जागा मात्र झकास आहे हं. फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, जॅमच्या बरण्यांत फुलं, आणि दर असे की पोरं पोटभर जेवून वर केकही मागवतात. पण टेबलं किती खेटून! तुझी खुर्ची मागे सरकली ती माझ्या टेबलावर आपटली. न वळताच तू सॉरी म्हणालीस आणि मी मेनूकार्ड आणखी वर धरलं. तुझ्या मानेवरचा तीळ हातभर अंतरावर होता. लहानपणी तुझी वेणी मीच घालायचो, आठवतं? रोज वाकडी. पोरी तुला तिरपी म्हणायच्या आणि तू घरी येऊन मलाच बडवायचीस.

माझी सगळी हुशारी तुझ्यापासून लपण्यात खर्च झाली. तुझ्यासमोर बसणाऱ्या बाईचं तोंड माझ्याकडेच असणार, हे या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही. पाव मोडता मोडता तिने वर पाहिलं आणि हात तिथेच थांबला. टोपीसकट ओळखलं मला. आता बोट दाखवते की काय, म्हणून मी खुर्चीच्या कडेवर आलो. तिने पाव मोडला, त्याला लोणी लावलं आणि तुझ्या संशोधनाबद्दल विचारत राहिली. माझ्यासमोर सूप आलं होतं. एक चमचा घशाखाली उतरेल तर शपथ.

ताटल्या उचलल्यावर तू तो प्रश्न विचारलास. आवाज चढला होता तुझा, शेजारच्या पोरांनी लॅपटॉपवरून माना वर केल्या. वाढदिवसाला एक ओळसुद्धा लिहावीशी वाटली नाही का, म्हणालीस. तिने तुझ्या खांद्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. हातातला चमचा खाली ठेवायचीही माझी हिंमत होईना. मग ती म्हणाली, नाही, झालं नाही माझ्याच्याने. आणि तू रडलीस गं. पाठ गदगदत होती तुझी, आणि मला हात पुढे करता येत नव्हता.

तू तोंड धुवायला उठलीस तेव्हा मी अख्खा मेनूकार्डात घुसलो, पण रडून तुला काही दिसतच नव्हतं. ती उठून माझ्याजवळ आली. वाटलं, आता चार लोकांत माझे वाभाडे काढणार. सूप गार झालंय, एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तू परत यायच्या आत मी पळ काढला.

संध्याकाळी तुझा फोन आला. बाबा, तू म्हणायचास ते खरं होतं, तिला आपली काही पडलेलीच नव्हती, आता मी तिला पुन्हा भेटणार नाही, म्हणालीस. मला हायसं वाटलं, ठमे. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तिने लिहिलं होतं. तू अठरा वर्षांची होईपर्यंत, दर वाढदिवसाला. टपाल कचेरीत आपल्या भागाची पत्रं मीच लावायचो, तिचं अक्षर ढिगातूनही ओळखायचो. रागात होतो, आणि पत्र वाचून तू तिच्याकडे निघून जाशील या भीतीने अर्धा झालो होतो. लाल पेनाने 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहून नऊच्या नऊ पाकिटं मी न फोडता परत पाठवली. तीस वर्षांत माझ्या हातून एक पत्र गहाळ झालं नाही, ही माझी फुशारकी तू किती वेळा ऐकली असशील. ते लाल अक्षर कोणाचं, हे तिला पहिल्याच पाकिटाला कळलं असणार, म्हणून तर यावेळी तिने विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलं. तरी तिने माझं झाकलं, खोटं बोलली, का तर तुझा निदान एका माणसावरचा विश्वास शाबूत राहावा. तिला आजच फोन कर. मला उत्तर द्यायचं नसेल, तर याच पाकिटावर 'इथे राहत नाही' लिहून परत पाठव. मी ते उघडणार नाही. तुझं अक्षर मला ओळखू येतं.

तुझाच,
बाबा